हवेच्या लहरी जनतेच्या, पडदा मात्र जाहिरातदारांचा!

मागे एका रविवारी आमच्या वस्तीतील विहारात वंदना आटोपली आणि शेजारच्या सभागृहात पोरांनी टीव्ही लावला. भारताचा एकदिवसीय सामना होता. वर्गणी काढून घेतलेली केबलची जोडणी, त्यामुळे गर्दी बरीच. मागच्या रांगेत नाना बसले होते. ब्याऐंशीच्या संपात गिरणी सुटलेले, आयुष्यभर रेडिओवर कॉमेंटरी ऐकलेले ज्येष्ठ उपासक. षटक संपले की जाहिरात, जाहिरात संपली की दुसरी जाहिरात, आणि सामना पडद्यावर परत येईतो पुढच्या षटकाचा पहिला चेंडू टाकून झालेला. एकदा तर त्याच चेंडूवर गडी बाद झाला आणि आम्हाला तो दिसला तो थेट रिप्लेमध्ये, तोही कुठल्याशा सिमेंटच्या नावाने. नाना म्हणाले, "वकीलसाहेब, बॉल पडला का ऍड पडली?"

पोरे हसली. आम्हीही हसलो. पण घरी येताना तो प्रश्न डोक्यातून जाईना.

काही वाचक म्हणतील, अत्याचाराच्या बातम्यांनी पाने भरत असताना आंबेडकरी दैनिकात क्रिकेटचे हे रडगाणे कशाला? चळवळीला दुसरे काम उरले नाही काय? आमचे म्हणणे वेगळे आहे. ज्या बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढला, त्यांना बोलण्याचे साधन कोणाच्या हाती आहे याचे मोल पक्के ठाऊक होते. आज आमच्या वस्तीतल्या घरात वर्तमानपत्र येईलच असे नाही, पण टीव्ही आहे. त्या टीव्हीवर आमची पोरे सर्वांत जास्त काही पाहत असतील तर ते क्रिकेट. मग तो पडदा त्यांना काय दाखवतो आणि काय लपवतो, हे विचारायचे नाही?

विचारण्याचा हक्क आम्हाला कोणी मेहेरबानीने दिलेला नाही. १९९३ च्या हिरो कप स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून दूरदर्शन आणि बंगालची क्रिकेट संघटना यांच्यात भांडण जुंपले. संघटनेने हक्क परदेशी कंपनीला विकले होते, सरकार परवानगी अडवून बसले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल आला. तो निकाल लिहिणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. चळवळीच्या वाचकांना त्यांची ओळख करून देण्याची गरज नाही. त्या निकालाचा गाभा असा की हवेतील ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. ती सरकारच्या बापाची नाही, तशीच पैसेवाल्याचीही नाही. तिचा वापर समाजाच्या हितासाठी झाला पाहिजे, त्यावर देखरेख ठेवणारे स्वायत्त प्राधिकरण असले पाहिजे आणि पाहणाऱ्याचा हक्क डावलून चालणार नाही.

सरकारची मक्तेदारी त्या निकालाने मोडली, हे बरेच झाले. परंतु मोकळ्या झालेल्या जागेत जनता आली काय? आली ती थैली! गावची विहीर जातीच्या पहाऱ्यातून सोडवावी आणि दुसऱ्याच दिवशी तिच्यावर टँकरवाल्याने पंप बसवावा, तशातला हा प्रकार झाला. ज्या स्वायत्त प्राधिकरणाचे न्यायालयाने सांगितले, खासगी वाहिन्यांच्या आशयावर देखरेख ठेवणारे तसे प्राधिकरण आजतागायत उभे राहिलेले नाही.

आता पैशाचा हिशेब बघा. २०२२ मध्ये आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क ४८ हजार ३९० कोटी रुपयांना विकले गेले. त्यात भारतातील टीव्हीचा वाटा २३ हजार ५७५ कोटींचा, म्हणजे एका सामन्यामागे साडेसत्तावन्न कोटी. हा पैसा वाहिनी आपल्या खिशातून घालत नसते. तो वसूल होतो आपल्या वेळेतून. षटके वीस, डाव दोन, मधल्या प्रत्येक फटीत माल विकायचा. फटी पुरेनात तेव्हा नव्या पाडल्या. २००९ च्या हंगामात डावाच्या मध्यावर साडेसात मिनिटांची 'स्ट्रॅटेजिक' विश्रांती आणली गेली; फार ओरड झाली म्हणून पुढे ती अडीच-अडीच मिनिटांची केली. त्याआधी पहिल्याच हंगामापासून षटकाराला षटकार म्हणण्याची सोय राहिली नव्हती, समालोचकाने बांधकाम कंपनीचे नाव जोडूनच तो उच्चारायचा. आणि पूर्वी एक वाहिनी नको वाटली तर निदान दुसरी होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये दोन बड्या प्रक्षेपकांचे विलीनीकरण झाले आणि क्रिकेटचा बहुतेक बाजार एकाच घराण्याच्या छत्राखाली गेला. बघायचे तर हेच बघा, नाहीतर टीव्ही बंद करा!

यावर कायदा नाही काय? आहे, आणि वकिलीचा धंदा करणाऱ्याला त्याचीच अधिक चीड येते. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मधील नियम ७ काढून वाचा. त्याच्या अकराव्या पोटनियमानुसार तासाला बारा मिनिटांपेक्षा जास्त जाहिरात चालत नाही. दहा मिनिटे मालाची, दोन मिनिटे वाहिनीच्या स्वतःच्या कार्यक्रमांची. दहावा पोटनियम तर आपल्या नानांनीच लिहिला असावा इतका नेमका आहे. जाहिरात कार्यक्रमात लुडबूड करणारी नसावी. कार्यक्रम सुरू असताना पडद्याच्या खालच्या भागात स्थिर किंवा सरकती जाहिरात दाखवू नये. आता आज संध्याकाळी कोणताही सामना लावा आणि पडद्याचा खालचा भाग पाहा. मध्येच चित्र आकसून कोपऱ्यात जाते आणि भोवती मोबाइल, रंग, बनियन नाचू लागतात. नियम पुस्तकात, नाच पडद्यावर!

ट्राय या नियामक संस्थेने २०१२ मध्ये थोडी हिंमत दाखवली. थेट सामन्यात खेळ थांबला असेल तेव्हाच जाहिरात, पडदा आकसून दाखवायची नाही, असे विनियम तिने काढले. २०१३ च्या दुरुस्तीत ही कलमे गळाली आणि बारा मिनिटांची मर्यादा तेवढी उरली. तीही वाहिन्यांना जड झाली. त्या न्यायालयात गेल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्येच कारवाईपासून अंतरिम संरक्षण दिले. अंतरिम हा शब्द आमच्या धंद्यात किती लांबतो, हे ज्यांच्या जमिनीचे दावे कोर्टात आहेत त्या वाचकांना सांगायला नको.

बरे, जाहिराती तरी कसल्या? तंबाखू आणि गुटख्याची जाहिरात करता येत नाही म्हणून त्याच नावाची इलायची विकायची, आणि ती विकायला नामवंत नट-खेळाडू पुढे. फॅन्टसीच्या नावाखाली 'संघ लावा, कोटी जिंका' हा जप वर्षानुवर्षे चालला. आमच्याकडे येणाऱ्या पक्षकारांत रिक्षा चालवणारी, कुरिअर वाटणारी पोरे असतात. व्यसनाचा आणि जुगाराचा हा पैसा कोणाच्या घरातून जातो, हे आम्ही वकीलपत्रावर सह्या घेताना पाहतो. पंचशीलातील पाचवे शील सकाळी म्हणायचे आणि संध्याकाळी त्याच सभागृहात पोरांपुढे हे चालू द्यायचे! ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने केला, तेव्हा भारतीय संघाच्या जर्सीवरील प्रायोजकाचे नावच उतरवावे लागले. म्हणजे देशाच्या संघाच्या छातीवर इतके दिवस काय मिरवत होते, ते बघा.

समालोचनाबद्दल काय बोलावे? बाळ ज. पंडित मराठीतून समालोचन करीत तेव्हा चित्र नसताना मैदान दिसे. आता चित्र आहे आणि मैदान दिसत नाही, कारण तिघे-चौघे एकाच वेळी ओरडत असतात. २०२३ पासून मोबाइलवर मराठी समालोचन आले, चांगले झाले. पण त्यातले बरेचसे हिंदीतल्या विनोदांचे भाषांतर वाटते. आमची तक्रार केवळ भाषेची नाही. समालोचक आज मंडळाच्या मर्जीवर बसलेला आहे. २०१६ मध्ये हर्षा भोगले यांच्यासारख्या जाणत्या माणसाला आयपीएलच्या समालोचनातून ऐनवेळी वगळले आणि कारणही सांगितले नाही. ज्याची भाकरी मंडळाच्या हाती, तो मंडळाला प्रश्न काय विचारणार?

आणि जे विचारले जात नाही, त्यात आम्ही येतो.

सामन्याआधी तासभर आणि नंतर तासभर स्टुडिओत गप्पा चालतात. एवढ्या तासांत पळवणकर बाळूचे नाव आम्ही ऐकल्याचे आठवत नाही. चर्मकार समाजातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्यात गोऱ्यांच्या क्लबवर मैदानाची कामे करी आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकी. पुढे हिंदूंच्या संघाला त्याची गरज पडली. मैदानावर त्याने फेकलेला चेंडू सवर्ण हातांना चालत होता, चहाच्या वेळी मात्र त्याला पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात चहा. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. त्या दौऱ्यात संघ हरत राहिला आणि एकट्या बाळूने शंभरावर बळी घेतले. संघाचे कर्णधारपद त्याला कधीच मिळाले नाही. ते मिळवायला त्याच्या भावाला, विठ्ठलला, १९२३ साल उजाडावे लागले.

राजकारणात बाळू काँग्रेसच्या तंबूत होते. पुणे कराराच्या वेळी त्यांची भूमिका वेगळी होती आणि १९३७ च्या निवडणुकीत ते मुंबईत बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहून पराभूत झाले. हे आम्ही विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही. पण त्यासाठी गोलंदाज बाळू इतिहासातून पुसला जावा काय? राजे-महाराजांच्या क्रिकेटप्रेमाच्या कथा ज्यांना पाठ आहेत, त्यांना हा माणूस माहीत नसेल यावर आमचा विश्वास नाही. तो दाखवला तर मातीचे भांडेही दाखवावे लागेल, आणि इलायचीच्या दोन जाहिरातींच्या मध्ये ते भांडे खपत नाही.

ही जुनी गोष्ट म्हणावी तर वंदना कटारियाची गोष्ट कालची आहे. ३१ जुलै २०२१ रोजी टोकियोत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तिने तीन गोल केले. ऑलिम्पिकमध्ये हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला. चारच दिवसांनी उपांत्य सामन्यात संघ अर्जेंटिनाकडून हरला आणि हरिद्वारजवळच्या तिच्या घरासमोर फटाके फोडून जातीवाचक शिवीगाळ झाली, संघात दलित फार झाले म्हणून! बातम्यांत ते आले, गुन्हा दाखल झाला. पण क्रीडावाहिन्यांच्या ज्या चर्चा आम्ही पाहिल्या, त्यांत फटका कुठे चुकला यावर अर्धा तास होता, त्या फटाक्यांवर मिनिटही नव्हते.

न्यायाने बोलायचे तर हे सगळे अटळ आहे असेही नाही. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा आमच्या मातीतला खेळ कॅमेऱ्याने किती सुंदर दाखवला! तीस सेकंदांची चढाई, तिच्यात जाहिरात घुसायला जागाच नाही. मनात आणले तर येते.

शेवटी दूरदर्शनचा मुद्दा. २१ जानेवारी २००७ रोजी वेस्ट इंडिजविरुद्धचा एकदिवसीय सामना नागपुरात होता, आणि हक्क घेतलेल्या खासगी कंपनीने दूरदर्शनला चित्र दिले नाही. दीक्षाभूमीच्या शहरात सामना, आणि त्याच शहरातल्या केबल नसलेल्या झोपडीत तो थेट दिसू नये! त्यावरून उच्च न्यायालय, अध्यादेश आणि मग २००७ चा कायदा झाला की राष्ट्रीय महत्त्वाचे सामने प्रसार भारतीला द्यावेच लागतील. पुढे २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याचा अर्थ आखडता लावला. असे चित्र दूरदर्शनच्या स्वतःच्या मनोऱ्यांवर आणि स्वतःच्या डिशवरच दाखवायचे, केबलवर नाही. मनोरे त्यानंतर बहुतेक बंद झाले. उरली फ्री डिश. म्हणूनच आमच्या विहारात, जिथे केबल आहे, दूरदर्शन लावले तर सामन्याच्या वेळी भलतेच काही चालू असते. आमच्या मते हा अर्थ १९९५ च्या निकालाच्या आत्म्याशी विसंगत आहे आणि संसदेने साध्या दुरुस्तीने तो बदलावा. बहुजनांच्या मतांवर निवडून गेलेल्या खासदारांनी याविषयी तोंड उघडायला हरकत नाही.

तोवर आपल्या हाती काय? २०२१ च्या दुरुस्तीनंतर केबल नियमांत प्रेक्षकाच्या तक्रारीला रीतसर वाट आहे. तक्रार आधी वाहिनीकडे लेखी द्यायची; तिने पंधरा दिवसांत निर्णय कळवायचा; समाधान न झाल्यास वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडे पंधरा दिवसांत अपील; त्यावर सरकारची आंतरविभागीय समिती. तक्रारीत सामना, तारीख, वेळ आणि नियम ७ चा पोटनियम लिहावा, मोघम शिव्या लिहू नयेत. अर्जाचा मराठी मसुदा आम्ही तयार केला आहे. ज्या विहारांना, मंडळांना हवा असेल त्यांनी या दैनिकाच्या पत्त्यावर आमच्या नावे पत्र टाकावे.

नानांनी शाळकरी नातवाची एक जुनी वही घेतली आहे. आता सामना लागला की ते घड्याळ आणि पेन घेऊन बसतात. कोणत्या षटकाचा कितवा चेंडू दिसला नाही, पट्टी कितीला आली, लिहितात. पहिल्या अर्जाला त्याच वहीची दोन पाने जोडली आहेत. एका ठिकाणी त्यांनी षटकाचा आकडा खोडून पुन्हा लिहिला आहे, ते पान मात्र त्यांना नव्याने लिहायला सांगितले आहे, नाहीतर समोरचा वकील तेवढेच धरून बसेल.