परसातील कोंबड्यांचे संरक्षण

घराच्या अंगणात वा परसात मोकळ्या सोडून पाळलेल्या कोंबड्यांचा भक्षक प्राण्यांपासून व रोगांपासून बचाव करण्याची व्यवस्था. बंदिस्त व्यापारी कुक्कुटपालनात पक्षी, खाद्य व माणसांची ये-जा यांवर मालकाचा ताबा असतो. परसातील कोंबडी मात्र दिवसभर उकिरड्यावर, शेजारच्या अंगणात व शेताच्या बांधावर दाणे आणि किडे टिपत हिंडते. त्यामुळे तिच्या पालनाला खर्च फारसा येत नाही. पण तिला असणारे धोके अधिक असतात. मुंगूस किंवा घार एका वेळी एखादे पिलू नेते व ते बहुधा मालकाच्या ध्यानात येते. राणीखेतसारखा रोग मात्र नकळत शिरतो व थोड्याच दिवसांत सबंध खुराडे रिकामे करतो. भक्षकाविरुद्ध घेतली जाणारी काळजी रोगाविरुद्ध सहसा घेतली जात नाही, हे परसातील कोंबड्यांच्या मोठ्या हानीचे एक प्रमुख कारण आहे.

जळगाव जिल्ह्याच्या यावल तालुक्यातील फैजपूर व आसपासचा प्रदेश या दृष्टीने उदाहरण म्हणून घेण्याजोगा आहे. उत्तरेस सातपुड्याच्या रांगा, दक्षिणेस तापी नदी आणि मधल्या सुपीक पट्ट्यात केळीच्या बागा अशी त्याची रचना आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतील तडवी, पावरा इ. समाजांत तसेच पट्ट्यातील शेतमजुरांच्या घरी गावठी कोंबड्या पाळतात. त्यांची निगा बहुधा स्त्रिया ठेवतात आणि अंड्यांचे व पक्ष्यांचे पैसे आजारपण, सणवार, मुलांची वह्या-पुस्तके अशा नडीला उपयोगी पडतात. त्यामुळे पाच-दहा पक्षी मरणे हे अशा घराला हातची शिल्लक गमावण्यासारखे असते.

भक्षक व त्यांपासून बचाव : डोंगरालगतचे रान आणि बागायती पिकांचा दाट आडोसा यांमुळे मुंगूस, रानमांजर, कोल्हा व खोकड हे प्राणी वस्तीच्या जवळपास येऊ शकतात. यांशिवाय मोकाट कुत्री व मांजरे, घुशी, साप आणि घोरपड यांचाही उपद्रव होतो. यांपैकी घुशी, साप व घोरपड हे मुख्यतः अंडी व पिले खातात. घार, शिक्रा व कावळा हे पक्षी दिवसा पिले उचलतात. कोंबडी आकाशातून व जमिनीवरून येणाऱ्या शत्रूंसाठी निरनिराळे इशारे देते. घारीच्या इशाऱ्यासरशी पिले आडोशाला दडून बसतात. ही उपजत सावधगिरी उपयोगी पडण्यासाठी परसात झुडपे, काटक्यांचा मांडव किंवा जुनी बाज यांसारखा आडोसा जागोजागी असावा लागतो. पिले सु. सहा आठवड्यांची होईपर्यंत हानी सर्वांत जास्त होते. या काळात कोंबडीला पिलांसह डालग्याखाली ठेवावे व देखरेखीखालीच बाहेर सोडावे.

गावठी कोंबडी सायंकाळी उंच जागी बसू पाहते. झाडावर बसलेल्या पक्ष्यांना रानमांजराचे भय असते. म्हणून दिवस मावळण्यापूर्वी सर्व पक्षी मोजून खुराड्यात घेणे व दार कडीने बंद करणे हा सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक उपाय होय. खुराडे जमिनीपासून सु. ६० सेंमी. उंचीवर खांबांवर उभारतात व दर पक्ष्यास सु. ९०० चौ. सेंमी. जागा ठेवतात. मोठ्या भोकांच्या जाळीतून मुंगूस किंवा साप आत येऊ शकतो, म्हणून १२ मिमी. भोकांची तारेची जाळी वापरतात. जमिनीवरच्या खुराड्याभोवती जाळी सु. ३० सेंमी. खोल पुरल्यास उकरून येणाऱ्या प्राण्यांना अटकाव होतो. अंडी रोज गोळा केल्याने व सांडलेले धान्य झाडून घेतल्याने उंदीर-घुशी कमी होतात व त्यांच्या मागावर येणारे सापही टळतात. मुंगूस, रानमांजर, कोल्हा, घोरपड इ. प्राण्यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षण आहे. त्यांना फासे लावणे वा विष घालणे बेकायदेशीर आहे. शिवाय तेच प्राणी शेतातील उंदरांचा फडशा पाडतात. यामुळे त्यांना न मारता अडविणे हाच योग्य मार्ग ठरतो.

रोग व प्रतिबंध : परसातील कोंबड्यांचा सर्वांत घातक नेहमीचा रोग राणीखेत किंवा मानमोडी हा आहे. तो विषाणुजन्य असून १९२६ मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे आणि त्यानंतर लवकरच भारतात कुमाऊँमधील राणीखेत येथे आढळला. त्यावरून त्याला ही नावे पडली. धाप लागणे, हिरवट पातळ विष्ठा, पंख व पाय लुळे पडणे, मान पिळवटणे ही त्याची लक्षणे होत. लस न टोचलेल्या कळपातील जवळजवळ सर्व पक्षी दगावू शकतात व रोग झाल्यावर उपचार नाही. पिलू ४ ते ७ दिवसांचे असताना एफ-१ किंवा लासोटा लसीचा थेंब डोळ्यात वा नाकात घालतात, सु. पाचव्या आठवड्यात लासोटा पुन्हा देतात आणि ६ ते ८ आठवड्यांनंतर मुक्तेश्वर येथे विकसित झालेल्या वाणाची आर२बी लस टोचतात. कोंबड्यांच्या देवी या रोगाचा प्रसार डासांमुळेही होतो. त्यावरील लस पंखाच्या पातळ कातडीत टोचतात. महाराष्ट्रात अशा लसींचे उत्पादन पुण्यातील औंध येथील पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्थेत होते.

लस २° ते ८° से. तापमानात ठेवावी लागते. जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात तापमान ४२° से.च्या वर जाते, त्यामुळे बर्फाविना नेलेली लस निकामी होते. दुसरी अडचण कुपीच्या आकाराची आहे. एक कुपी शंभर किंवा अधिक पक्ष्यांना पुरते व द्रावण तयार केल्यावर ते दोनएक तासांत संपवावे लागते. पाच-सात कोंबड्यांच्या एकट्या घराला ती परवडत नाही. यासाठी सबंध गल्लीतील वा पाड्यातील कोंबड्यांना एकाच सकाळी, त्या खुराड्यातून सोडण्यापूर्वी लस देणे सोयीचे असते. उष्णता अधिक काळ सहन करणारी आय-२ ही लस ऑस्ट्रेलियात खास खेड्यांतील कोंबड्यांसाठी विकसित करण्यात आली असून आशिया व आफ्रिकेतील काही देशांत ती वापरतात.

रक्ती हगवण हा रोग ओलसर जमिनीत वाढणाऱ्या आदिजीवांमुळे पिलांना होतो; खुराडे कोरडे ठेवणे हा त्यावरील मुख्य प्रतिबंध आहे. भिंतीच्या भेगांत दिवसा लपणारी गोचीड रात्री पक्ष्यांचे रक्त शोषते; भेगा लिंपून चुना लावल्याने तिला थारा मिळत नाही. राख व कोरडी माती यांत कोंबड्या लोळू दिल्यास उवा कमी होतात. उन्हाळ्यात सावली व गार पाणी न मिळाल्यास पक्षी उष्माघातानेही मरतात.

रोग बहुधा आठवडे बाजारातून आणलेल्या पक्ष्याबरोबर घरात येतो. नवा पक्षी निदान दोन आठवडे वेगळा ठेवल्यास बहुतेक संसर्ग उघडकीस येतात. पाहुण्याने आणलेली कोंबडी, विक्री न होता बाजारातून परत आलेला पक्षी व व्यापाऱ्याची पाटी यांबाबतही हीच दक्षता लागते.

पक्षी इन्फ्ल्यूएंझा (बर्ड फ्ल्यू) : परसातील कोंबडी हा केवळ एका घराचा प्रश्न नाही, हे खानदेशात २००६ साली दिसून आले. भोपाळ येथील उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेतील तपासणीनंतर १८ फेब्रुवारी २००६ रोजी नंदुरबार जिल्ह्यातील (१९९८ पूर्वी धुळे जिल्ह्याचा भाग) नवापूर येथे व्यापारी कुक्कुटशाळांत एच५एन१ विषाणूचा उद्रेक जाहीर झाला. भारतातील हा पहिला उद्रेक होय. पुढील महिन्यात यावल तालुक्यातील मारूळसह जळगाव जिल्ह्यातील काही गावांत परसातील कोंबड्यांना या रोगाची लागण झाल्याचे आढळले. लगतच्या मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर जिल्ह्यात इच्छापूर येथेही तो दिसला. बाधित गावांभोवतीच्या क्षेत्रातील निरोगी पक्षीही नष्ट करावे लागले. पश्चिम बंगालमधील २००८ च्या उद्रेकात मुख्यतः परसातीलच कोंबड्या सापडल्या. नवापूर येथे २०२१ मध्ये हा रोग पुन्हा उद्भवला.

या रोगात तुरा व चोचीखालची लोंबती त्वचा निळसर पडते, डोक्याला सूज येते आणि अनेक पक्षी एकाएकी मरतात. तथापि केवळ लक्षणांवरून तो राणीखेतपासून निश्चितपणे वेगळा ओळखता येत नाही. प्रयोगशाळेतील तपासणीच निर्णायक असते. आजारी कोंबडी मरण्यापूर्वी कापून खाणे वा स्वस्तात विकून टाकणे ही गरिबीतून आलेली रीत आहे; परंतु तिच्यामुळेच विषाणू एका गावाहून दुसऱ्या गावी जातो आणि कापणाऱ्या व पिसे काढणाऱ्या व्यक्तीला संसर्गाचा धोका उत्पन्न होतो. एच५एन१मुळे भारतात माणसाचा पहिला मृत्यू २०२१ मध्ये नोंदला गेला. पूर्ण शिजविलेल्या मांसात व अंड्यांत विषाणू जगत नाही. धोका मुख्यतः आजारी पक्षी हाताळण्यात असतो.

प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९ अन्वये अनुसूचित रोगाची शंका आल्यास मालकाने ती कळविणे बंधनकारक आहे. एकाच वेळी अनेक पक्षी मेल्यास मेलेले पक्षी उघड्या हाताने न उचलता, ओढ्यात वा उकिरड्यावर न टाकता, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे व तोवर उरलेल्या कोंबड्या कोंडून ठेवाव्यात. नुकसानभरपाई शासनाने नष्ट केलेल्या पक्ष्यांबद्दल मिळते, रोगाने आधीच मेलेल्यांबद्दल नव्हे. त्यामुळे वेळीच कळविणे सर्व गावाच्या आणि त्या घराच्याही हिताचे ठरते.