वीस बैठकींची गंगाजळी

पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी घातली. खेळ कौशल्याचा की दैवाचा, हा न्यायालयांतून वर्षानुवर्षे चाललेला वाद या कायद्याने बाजूला सारला आणि पैसा लावला की खेळ निषिद्ध, अशी सरळ रेषा ओढली. खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड अशी त्यात तरतूद आहे. नुसत्या खेळणाऱ्यास शिक्षा नाही. या बंदीच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ लिहिले गेले. परंतु पोकरसारख्या खेळाच्या भोवती वाढलेल्या एका समजुतीला त्या चर्चेचा फारसा स्पर्श झाला नाही. रक्कम लहान असावी, ती शिस्तीने वापरावी, मग खेळ निर्धोक होतो, किंबहुना हाती चार पैसेही उरतात, ही ती समजूत. सुशिक्षित मध्यमवर्गाला ती जवळची वाटते, कारण तिचा चेहरामोहरा काटकसरीसारखा आहे. कायद्याने खिडकी बंद होते. समजूत डोक्यातच राहते.

या शिस्तीचे स्वरूप प्रथम समजून घेतले पाहिजे. पोकरमध्ये प्रत्येक डावाच्या आरंभी दोघा खेळाडूंना काही रक्कम सक्तीने लावावी लागते. तिला ब्लाइंड म्हणतात. मोठा ब्लाइंड दोन रुपयांचा असेल तर त्याच्या शंभरपट, म्हणजे दोनशे रुपये घेऊन टेबलाशी बसण्याची रीत आहे. ही एक बैठक. खेळासाठी बाजूला काढलेल्या एकूण रकमेला आपण गंगाजळी म्हणू. जाणकारांचा दंडक असा की गंगाजळीत किमान वीस बैठकींचे पैसे असावेत, म्हणजे कोणत्याही एका वेळी पाच टक्क्यांहून अधिक रक्कम पणाला लागत नाही. दोन रुपयांच्या टेबलासाठी चार हजार रुपये हवेत. गंगाजळी घटली तर खालच्या टेबलावर उतरावे. वाढली तरच वर चढावे.

हा दंडक मूर्खपणाचा नाही, हे आधी मान्य करतो. निम्मी रक्कम गमावणाऱ्याला मूळपदावर येण्यासाठी उरलेल्या रकमेवर शंभर टक्के नफा मिळवावा लागतो. हे साधे गणित शेअरबाजारात मुरलेली माणसेही विसरतात. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील जॉन केली या शास्त्रज्ञाने १९५६ मध्ये एक सूत्र मांडले. समजा, एखादे नाणे शंभरात साठ वेळा आपल्या बाजूने पडते आणि बरोबरीची पैज आहे; तर दर खेपेस भांडवलाचा पाचवा हिस्सा लावल्यास ते दीर्घकाळात सर्वांत वेगाने वाढते. त्याहून फार अधिक लावणारा, नाणे त्याच्या बाजूचे असूनही, धुळीस मिळतो. पण याच सूत्राचे दुसरे उत्तर पोकरच्या मार्गदर्शकांतून बहुधा दबक्या आवाजात सांगितले जाते. नाणे पन्नास-पन्नास असेल तर सूत्र सांगते, शून्य लावा.

द्यूतसभेतील युधिष्ठिराला आपण सर्वस्व पणाला लावल्याबद्दल दोष देतो. वस्तुतः त्याच्या चुका दोन होत्या. पण त्याने आवरला नाही, ही एक. आणि समोर शकुनी बसला आहे हे जाणूनही तो खेळला, ही दुसरी. वीस बैठकींचा नियम त्याला कोणी सांगितला असता तर राज्य एका दिवसात न जाता कदाचित एका ऋतूत गेले असते.

या नियमाचा सर्वांत गाजलेला दाखला क्रिस फर्ग्युसन या अमेरिकन खेळाडूचा आहे. त्याने २००६ मध्ये शून्यापासून आरंभ केला. प्रवेशमूल्य नसलेल्या स्पर्धांतून पहिले काही डॉलर मिळविले आणि पाच टक्क्यांचा नियम कसोशीने पाळून सुमारे दीड वर्षात दहा हजार डॉलरचा टप्पा गाठला. या कथेने असंख्य तरुणांना धीर दिला. मात्र हा गृहस्थ २००० सालचा जागतिक स्पर्धेचा विजेता होता आणि लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचा संगणकशास्त्रातील डॉक्टर होता. काही सेंटांच्या टेबलावर तो बसला म्हणजे शकुनीच तेथे बसला होता. त्याच्या यशावरून शिस्तीचे सामर्थ्य सिद्ध होते की कौशल्याचे, हे त्या कथेवरून कळत नाही.

आता सामान्य खेळाडूचे पाहू. टेबल चालविणारी संस्था जिंकलेल्या रकमेतून आपला वाटा कापते. त्याला रेक म्हणतात. लहान टेबलांवर तो साधारण पाच टक्क्यांच्या आसपास असतो, आणि पोटात एका विशिष्ट कमाल रकमेपर्यंतच घेतला जातो. लहान टेबलांवर ती मर्यादा क्वचितच आड येते, म्हणून त्याचा भार तेथे सर्वाधिक. समजा, दर डावात सरासरी दहा ब्लाइंड जमतात. तर डावामागे अर्धा ब्लाइंड, शंभर डावांत पन्नास ब्लाइंड टेबलावरून उचलले जातात. सहा खेळाडूंत वाटले तर प्रत्येकी आठांहून थोडे अधिक. म्हणजे सहाही जण समान कुशल असतील तर सहाही जण हरतात. शंभर डावांत पाच ब्लाइंड उरावेत असे वाटणाऱ्याने इतरांवर तेरांची सरशी केली पाहिजे. आपल्याकडे याखेरीज ऑक्टोबर २०२३ पासून भरणा केलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर आला, आणि त्याच वर्षीच्या एप्रिलपासून निव्वळ जिंकीवर ३० टक्के प्राप्तिकराची कपात होऊ लागली.

तरीही काही थोडे जण जिंकतात, हे खरे. अडचण ही की आपण त्यांच्यापैकी आहोत की नाही हे गंगाजळीकडे पाहून कळत नाही. पोकरमध्ये शंभर डावांतील चढउताराचे प्रमाण विचलन नव्वद ब्लाइंडांच्या आसपास धरता येते. शंभर डावांमागे पाच ब्लाइंड मिळविणारा खरोखरीचा चांगला खेळाडू घ्या. दहा हजार डावांनंतर त्याचा अपेक्षित नफा पाचशे, पण विचलन नऊशे. म्हणून अशा शंभर खेळाडूंपैकी सुमारे एकोणतीस तोट्यात दिसतील. उलट शंभर डावांमागे तीन ब्लाइंड हरणारा घ्या. त्याच्यासारख्या शंभरांपैकी सुमारे सदतीस जण दहा हजार डावांनंतर नफ्यात असतील आणि स्वतःला निष्णात समजू लागतील. दहा हजार डाव ही थोडीथोडकी संख्या नव्हे. एकाच वेळी चार टेबले उघडून तासाला तीनशे डाव खेळणाऱ्याला त्यासाठी तेहतीस तास लागतात.

दिवाळे निघण्याची संभाव्यताही याच आकड्यांवरून काढता येते. वीस बैठकींची गंगाजळी बाळगून कधीही वरच्या टेबलावर न चढणाऱ्या चांगल्या खेळाडूचे दिवाळे बारांत एकदा निघते. नफ्याचा वेग निम्मा असेल तर हे प्रमाण शंभरात एकोणतीसवर जाते. नफा शून्य किंवा उणे असेल, तर वीस बैठकी असोत की दोनशे, दिवाळे निश्चित. फक्त तारीख पुढे जाते. शंभर डावांमागे तीन ब्लाइंड हरणाऱ्याची चार हजारांची गंगाजळी सरासरी सहासष्ट हजार डाव पुरते. रोज दोन तास, चार टेबले, असा क्रम धरला तर जवळजवळ चार महिने. नियम न पाळणारा तीच रक्कम एका संध्याकाळी घालवून बसतो, आणि निदान त्याला तिथेच जाग येते. शिस्तीने खेळणाऱ्याला चार महिन्यांत ती येईलच असे नाही, कारण त्याची वही नीटनेटकी असते.

अशी एक वही २०२४ मध्ये एका विद्यार्थ्याने मला दाखविली होती. तारीख, टेबल, डाव, जमा, खर्च. एखाद्या पतपेढीच्या रोजकीर्दीला शोभेल अशी. चार हजारांपासून आरंभ होता आणि पाच टक्क्यांचा नियम एकदाही मोडलेला नव्हता. त्या वहीत दोन रकाने नव्हते. एक तासांचा. तो ज्या नफ्याची आशा धरून होता तो सर्व हाती आला असता तरी तासाला तीस रुपये पडत होते. शिकवणी घेणारा त्याचाच वर्गमित्र याहून कितीतरी अधिक मिळवीत होता. दुसरा रकाना पैसा आला कोठून याचा. गंगाजळीची व्याख्याच अशी आहे की ती गेल्याने संसाराचे काही अडता कामा नये. या मुलाचे चार हजार म्हणजे खानावळीचे पैसे होते. डॅनियल बर्नुलीने १७३८ मध्येच दाखवून दिले की एकाच रकमेचे मोल धनवानाला व निर्धनाला सारखे नसते. समान रकमेच्या पैजेत हरण्याचे दुःख जिंकण्याच्या सुखाहून मोठे, आणि खिसा लहान असेल तितके ते अधिक मोठे.

ही गंगाजळी ठेवली जाते ती दुसऱ्याच्या तिजोरीत, हेही येथे सांगितले पाहिजे. अमेरिकन सरकारने १५ एप्रिल २०११ रोजी तीन मोठ्या पोकर संस्थांवर कारवाई केली. त्यांपैकी फुल टिल्ट या संस्थेबद्दल तेथील न्यायखात्याने त्याच सप्टेंबरात आरोप केला, की मार्चअखेर खेळाडूंचे सुमारे ३९ कोटी डॉलर देणे असताना तिच्या बँकखात्यांत सुमारे सहा कोटीच होते. पाच टक्क्यांचा नियम जगाला शिकविणारा फर्ग्युसन याच संस्थेच्या संचालकांपैकी एक होता. त्याच्यावरील दिवाणी दावा पुढे तडजोडीने मिटला. अमेरिकेतील खेळाडूंना पैसे परत मिळू लागले ते फेब्रुवारी २०१४ च्या अखेरीस. ज्यांनी जपून खेळून वीस बैठकी शाबूत राखल्या होत्या, त्यांचेच पैसे अधिक अडकले.

आपल्या महाविद्यालयांतून संभाव्यता शिकविली जाते ती अजूनही पिशवीतल्या लाल-पांढऱ्या चेंडूंवर. चेंडू बिचारे निरुपद्रवी. पण विद्यार्थ्याच्या खिशातील यंत्रावर जे चालते त्याच्याशी त्यांचा संबंध जुळत नाही. वाणिज्य शाखेच्या वर्गात प्रमाण विचलनाचा पाठ घेताना दहा हजार डावांनंतरचे ते एकोणतीस आणि सदतीस हे दोन आकडे मुलांकडूनच काढून घ्यावेत. सामान्य वक्राचे कोष्टक हाताशी असले तर एक तास पुरतो.