मतपेटीतून उगवलेलं कॉलेज

कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनोत नवी आलेली मराठी सून जरा स्थिरावली की हमखास विचारते, "मावशी, दिवसभर घरात बसून डोकं फिरायची वेळ आलीय, काय करू?" माझं उत्तर ठरलेलं: डी अँझा कॉलेजात नाव घाल. त्यावर तिचा प्रश्नही ठरलेला. "ॲडमिशन मिळेल का? बी.कॉम.नंतर सात वर्षांचा गॅप आहे." गॅपबद्दल इथे कुणी चकार शब्द काढणार नाही, हे तिला पटवताना माझा घसा कोरडा पडतो. कट-ऑफच्या याद्या बघत वाढलेल्या माणसाला सरसकट प्रवेश म्हणजे काहीतरी काळंबेरं वाटतं.

डी अँझा सुरू झालं सप्टेंबर १९६७मध्ये. त्याचं थोरलं भावंड फूटहिल. ते १९५८ साली माउंटन व्ह्यूमधल्या एका जुन्या शाळेत भरू लागलं आणि १९६१मध्ये लॉस आल्टोस हिल्सच्या टेकडीवर स्वतःच्या जागेत गेलं. पण तिथेही सगळी मावेनात. महायुद्ध संपल्यावर जन्मलेली पहिली पोरं १९६४मध्ये अठराची झाली होती. शिवाय क्युपर्टिनोभोवतीच्या खोऱ्यातल्या जर्दाळू-आलुबुखारच्या बागा भराभर तुटत होत्या आणि तिथे लॉकहीडसारखे कारखाने अन् त्यातल्या नोकरदारांच्या वसाहती उभ्या राहत होत्या. म्हणून दुसरं कॉलेज, तेही एका जुन्या द्राक्षमळ्याच्या जागेवर. मळ्याच्या धनिक मालकाने १८९०च्या दशकात बांधलेली फ्रेंच थाटाची हवेली आजही आवारात आहे. तिच्यात कॅलिफोर्नियाच्या इतिहासाचं केंद्र चालतं.

हे एकट्या क्युपर्टिनोचं नव्हतं. साठच्या दशकात अमेरिकेत साडेचारशेच्या आसपास अशी सरकारी कम्युनिटी कॉलेजं निघाली. म्हणजे जवळजवळ दर आठवड्याला एक! कॅलिफोर्नियाने तर १९६०मध्ये उच्चशिक्षणाचा रीतसर मास्टर प्लॅनच केला. त्यामागे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे अध्यक्ष क्लार्क कर यांचं डोकं होतं. हायस्कूलमधल्या वरच्या साडेबारा टक्क्यांना युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, वरच्या एक-तृतीयांशांना स्टेट कॉलेज, आणि कम्युनिटी कॉलेजात येईल त्याला प्रवेश. इथे दोन वर्षं नीट अभ्यास केला की तिसऱ्या वर्षाला विद्यापीठात जाता येतं. या योजनेची समतेच्या नावाने फार आरती होते. माझ्या मते ती चाळणीच होती. फक्त खाली पडलेलं वाया जाऊ नये म्हणून परात ठेवली होती, आणि परातीतलं पुन्हा वर घ्यायची सोय होती. आपल्याकडे चाळण्या उदंड आहेत.

मला जास्त नवल वाटतं ते पैशांचं. इमारतींसाठी कर्जरोखे काढायचे तर आधी स्थानिक लोकांचं मतदान व्हायचं, आणि साधं बहुमत पुरत नसे, दोन-तृतीयांश मतं लागत. कर्ज फिटायचं लोकांच्याच घरपट्टीतून. म्हणजे ज्यांच्या घरात कॉलेजला जाणारं कुणी नव्हतं, अशांनीही "वाढवा आमचा कर" म्हणून शिक्का मारल्याशिवाय हे जमणं शक्यच नव्हतं. आणि फी? शून्य. डी अँझा निघालं त्याच १९६७मध्ये राज्याने या कॉलेजांसाठी स्वतंत्र नियामक मंडळाचा कायदा केला. तोवर ती शाळाखात्याचं शेपूट होती.

कोलोरॅडोच्या विद्यापीठात एक वर्ष काढून परतलेला ॲपलचा सहसंस्थापक स्टीव्ह वॉझनियाक पुढे डी अँझातच शिकला, हे इथले लोक दहादा सांगतात. मला मात्र माझा संध्याकाळचा अकाउंटिंगचा वर्ग आठवतो. डावीकडे नुकतं मिसरूड फुटलेला पोरगा, उजवीकडे साठीचा प्लंबर. प्लंबरबुवा स्वतःच्या धंद्याची बिलं बुटाच्या खोक्यात भरून आणायचे आणि डेबिट-क्रेडिट समजलं की त्याच बिलांवर ताडून बघायचे. मास्तर दिवसा कंपनीत हिशेब बघायचे आणि रात्री आम्हाला शिकवायचे. तासाला उशीर झाला तर कारण एकच: पार्किंग मिळालं नाही. आवारात वसतिगृह नव्हतं, सगळी गाडीने यायची.

हे फुकटचे दिवस संपले त्याला कारणही मतपेटीच. १९७८मध्ये प्रपोझिशन १३ हा ठराव मंजूर करून लोकांनी घरपट्टीला लगाम घातला आणि कॉलेजांचा झरा आटला. १९८४च्या जानेवारीत याच आवारातल्या फ्लिंट सेंटरमध्ये स्टीव्ह जॉब्सने मॅकिंटॉश संगणक जगाला दाखवला, आणि त्याच वर्षी राज्यात फी सुरू झाली, युनिटमागे, म्हणजे श्रेयांकामागे, पाच डॉलर. आज डी अँझात ती ३१ डॉलर आहे.

अर्थात हा दर राज्यातल्या रहिवाशांना. बाहेरच्यांना कितीतरी पट जास्त पैसे पडतात. म्हणून नव्या सुनेला मी आल्याआल्याच बजावते: घराच्या भाडेकरारावर तुझंही नाव घाल, बँकेचं खातं काढ, लायसन्स काढ आणि ही सगळी कागदं जपून ठेव. एक वर्ष आणि एक दिवस झाला की ती घेऊन जा आणि रहिवासी म्हणून अर्ज कर. तोवर पार्किंगची सवय कर.