मासळीचा टिकाऊपणा : निसर्गदत्त उपाय आणि त्यांची मर्यादा

मासा मेल्यावर त्याच्या कल्ल्यांतील व आतड्यांतील जीवाणू मांसात पसरू लागतात. सागरी माशांतील ट्रायमिथिलअमाईन ऑक्साईडचे ते ट्रायमिथिलअमाईनमध्ये रूपांतर करतात आणि परिचित उग्र दर्प येतो. मात्र प्रत्येक धोका नाकाला कळतोच असे नाही. बांगडा, कुपा, सुरमई यांच्या मांसात हिस्टिडिन हे अमिनो आम्ल विपुल असते. मासळी उष्ण हवेत राहिल्यास जीवाणू त्यापासून हिस्टामिन बनवतात. चेहरा लाल होणे, डोके दुखणे, अंगावर पित्त उठणे ही त्याच्या बाधेची लक्षणे होत. शिजवल्याने वा गोठवल्याने हिस्टामिन नष्ट होत नाही. कोडेक्स मानकांत त्याची मर्यादा किलोमागे २०० मिलिग्रॅम आहे.

मीठ लावून उन्हात सुकवण्याची कोकणातील रीत मांसातील पाणी कमी करून जीवाणूंची वाढ रोखते. आधुनिक संशोधनाने त्यात कायटोसनची भर घातली. कोळंबीच्या टाकाऊ कवचांतील कायटिनपासून ते मिळते. त्याचा पातळ लेप जीवाणूंना आवर घालतो. कोची येथील केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेत यावर दीर्घकाळ काम झाले आहे. वनस्पतींचे काही अर्क मेदाचा खवटपणा लांबवतात.

हे सारे उपाय बिघाड पुढे ढकलतात. झालेला बिघाड पुसत नाहीत. मीठ, हळद, कोकम चोळून हिस्टामिन जात नाही. म्हणून आखातातील उन्हाळ्यात बाजारातून घरी नेतानाही मासळीसोबत बर्फ हवाच.