हुंड्याची मजुरी आणि बसलेला वेळ

आमच्या साकोली तालुक्यांत भाताची रोवणी आतां पुष्कळ ठिकाणीं हुंड्यानें होते. एकराचा दर ठरला, पऱ्हे काढून बांधी रोवून दिली, कीं हिशेब चुकता. रोजानें हात चालत नाहींत आणि हुंड्यानें रोवणी विरळ होते, अशा मालकांच्या दोन तक्रारी. त्या दोन्ही आम्हींही केल्या आहेत. गेल्या हंगामांत मात्र आमच्या बांधींत चिखलणीचा ट्रॅक्टर तीन तास बंद पडला व बाया धुऱ्यावर बसून राहिल्या. रोजी असती तर ते तीन तास आमच्या पदरचे गेले असते. हुंडा होता म्हणून त्यांच्या पदरचे गेले. त्या वेळीं आम्हांस बरेंच वाटलें, हें लिहितांना संकोच होतो.

नागपुरास दुचाकीवरून घरोघर जेवण पोंचविणाऱ्या तरुणांची मजुरी याच जातीची. पैसे खेपेमागें, खाणावळीच्या दारीं ताटकळण्याचे नाहींत. पेट्रोल व दुरुस्ती ज्याची त्यानें पाहावी. कंपन्या त्यांस नोकर न म्हणतां भागीदार म्हणतात. अशा 'गिग' कामगारांची संख्या नीति आयोगानें २०२०-२१ सालासाठीं ७७ लक्ष अंदाजिली आहे.

शहरवाल्यांस हें नवें वाटतें. भंडारा जिल्ह्यास तें बिडीमुळें केव्हांचेंच ठाऊक आहे. दर हजारीं, पान भिजविण्या-कापण्याच्या वेळाचा निराळा दाम नाहीं, आणि छाट निघाली तर ती वळणाऱ्याच्या माथीं. शेतीस मजूर मिळावे म्हणून मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारनें १९४८ सालीं कायदाच केला, कीं हंगामांत नेमलेल्या गांवीं बिड्या वळण्यास डेप्युटी कमिशनरनें मनाई करावी. सागर जिल्ह्यांत तसा हुकूम निघाला. नोव्हेंबर १९५० मध्यें सुप्रीम कोर्टानें तो कायदा रद्द ठरविला. शेतांत राबूं न शकणाऱ्या म्हाताऱ्या व अपंग माणसांचेंही पोट त्यानें बंद होत होतें. (मजुरानें दुसरीकडे जाऊं नये, हें आम्हां जमीनवाल्यांस आधीं सुचतें, दर वाढवावा, हें मागाहून.)

वळणारा नोकर कीं स्वतंत्र धंदेवाला, हा वादही कोर्टांत गाजला. १९५८ सालीं सट्टेदार व त्यांचे मजूर कारखान्याचे कामगार नव्हेत असें ठरलें; डिसेंबर १९६० मध्यें नागपूरच्या कारखान्यांत बसून, सोईच्या वेळीं येऊन वळणारे मात्र कामगार ठरले. घरीं वळणाऱ्यांस कायद्याची सावली १९६६ सालीं मिळाली. गिग कामगारांचा उल्लेख २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंत आला व ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आली. कंपनीनें वार्षिक उलाढालीच्या शेंकडा एक ते दोन रक्कम त्यांच्या निधींत द्यावयाची आहे. खेपेचा दर काय असावा, हें त्यांत नाहीं.

येत्या रोवणीस आम्हीं हुंड्यास एक शर्त जोडली आहे. पाणी, ट्रॅक्टर वा पऱ्हे यांपायीं बाया बसल्या तर तेवढ्या तासांची रोजी द्यावयाची. शेजारचे शेतकरी म्हणतात, यानें गांवचा दर बिघडेल. बायांनीं एवढेंच विचारलें, कीं बसलेला वेळ मोजणार कोण? घड्याळ त्यांच्याकडे राहील असें ठरलें आहे.