घरी आणि थिएटरात एकाच दिवशी: काय खरं, काय ऐकीव

"थांबू या की, महिन्या-दोन महिन्यांत ओटीटीवर येईलच." नवा सिनेमा लागला की हे वाक्य घराघरांत ऐकू येतं, आणि त्यामागोमाग प्रश्नही येतो: मग पहिल्याच दिवशी दोन्हीकडे का लावत नाहीत? प्रश्न रास्त आहे. चौघांनी मल्टिप्लेक्सला जायचं म्हटलं तर तिकिटं, पॉपकॉर्न आणि पार्किंग मिळून खर्च अंगावर येतो. कित्येक तालुक्यांच्या गावी तर थिएटरच उरलेलं नाही. पण या विषयावर जे बोललं जातं, त्यात माहितीपेक्षा समजुतीच जास्त आहेत. सिनेमा कुठे, कधी आणि किती दिवस चालणार हे ठरवणारी गणितं प्रेक्षकापर्यंत क्वचितच पोचतात. ती समजून घेतली, तर मराठी सिनेमाबद्दल आपण करतो ती चर्चाही बदलेल असं मला मनापासून वाटतं.

"ही कल्पना करोनाच्या काळात निघाली"

करोनाच्या बऱ्याच आधी निघाली. २७ जानेवारी २००६ रोजी अमेरिकेत स्टीव्हन सोडरबर्ग यांचा 'बबल' थिएटरांत आणि एचडीनेट या केबल वाहिनीवर एकाच दिवशी आला. चार दिवसांनी डीव्हीडीही बाजारात आली. मोठ्या थिएटर साखळ्यांनी तो लावायला नकार दिला.

आपल्याकडे ही ठिणगी कमल हासन यांनी टाकली. जानेवारी २०१३ मध्ये 'विश्वरूपम' थिएटरांच्या एक दिवस आधी डीटीएचवर, हजार रुपये घेऊन दाखवायचा त्यांचा बेत होता. तमिळनाडूतले थिएटरमालक खवळले, सिनेमा लावणार नाही म्हणाले आणि बेत मागे पडला. हासन यांनी भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रारही केली. २०१४ च्या नाताळात सोनीने 'द इंटरव्ह्यू' इंटरनेटवर आणि काहीशे छोट्या थिएटरांत जवळपास एकदमच आणला, कारण सायबर हल्ला आणि धमक्यांनंतर मोठ्या साखळ्यांनी अंग काढून घेतलं होतं. इंटरनेटवरून त्याला सुमारे ४ कोटी डॉलर मिळाले. म्हणजे २०२० मध्ये थिएटरांना कुलपं लागली तेव्हा हा वाद चौदा वर्षांचा झाला होता.

"हल्ली सगळंच दोन्हीकडे एकदम येतं"

इथे तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या जातात. 'गुलाबो सिताबो', 'दिल बेचारा' आणि 'लक्ष्मी' २०२० मध्ये भारतात थेट ओटीटीवर आले, थिएटरात लागलेच नाहीत. मराठीत 'जून' २०२१ मध्ये प्लॅनेट मराठीवर आला. व्हेनिस महोत्सवात पटकथेचा पुरस्कार मिळवणारा चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' त्याच वर्षी नेटफ्लिक्सवर आला. याला थेट ओटीटी म्हणायचं. ठरलेली मुदत थिएटरात काढून मग ओटीटीवर येणारे सिनेमे वेगळे, आणि आज बहुतेक सिनेमे तसेच येतात. खऱ्या अर्थाने एकाच दिवशी दोन्हीकडे येणं भारतात अपवादानेच घडलंय.

त्यातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण सलमान खानच्या 'राधे'चं. १३ मे २०२१ ला तो झी५वर आणि डीटीएचवर २४९ रुपयांत पाहता येत होता, परदेशात थिएटरांतही लागला होता. पण त्या वेळी देशातली बहुतेक थिएटरं बंद होती. त्रिपुरातल्या मोजक्या पडद्यांवर काय ते त्याचे खेळ झाले. थिएटर विरुद्ध ओटीटी हा सामना त्यावरून ठरवता येत नाही.

वॉर्नर ब्रदर्सच्या बाबतीतही गफलत होते. २०२१ मधले आपले सतरा सिनेमे थिएटरात आणि एचबीओ मॅक्स या ओटीटीवर एकाच दिवशी आणणार, असं या कंपनीने डिसेंबर २०२० मध्ये जाहीर केलं. दिग्दर्शकांना आधी विश्वासात घेतलं नव्हतं. क्रिस्टोफर नोलन यांनी उघड नाराजी व्यक्त केली. पण ही सोय अमेरिकेपुरती होती. महाराष्ट्रातली थिएटरं २२ ऑक्टोबर २०२१ ला निम्म्या क्षमतेने उघडली, तेव्हा आलेला 'ड्यून' अमेरिकी प्रेक्षक घरी बघत होते. आपल्याला तो बघायचा तर तिकीट काढावंच लागत होतं. पुढच्याच वर्षी वॉर्नरने हा प्रयोग थांबवून ४५ दिवस फक्त थिएटरसाठी राखून ठेवले.

"आठ आठवड्यांचा नियम सरकारी आहे"

नाही. भारतात असा कायदा नाही. हिंदी सिनेमा लावताना मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्या अट घालतात: आठ आठवडे तो ओटीटीवर येता कामा नये. हा दोन व्यावसायिकांमधला करार आहे. पण करार असला म्हणून तो कच्चा ठरत नाही, हे २०२५ च्या मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयात दिसलं. 'भूल चूक माफ' ९ मेला थिएटरांत लागायचा होता. सीमेवर तणाव वाढला, आणि आदल्या दिवशी निर्मात्यांनी जाहीर केलं की सिनेमा आता १६ मेला थेट प्राइम व्हिडिओवर येईल. पीव्हीआर आयनॉक्स न्यायालयात गेली आणि न्यायालयाने ओटीटी प्रदर्शन थांबवलं. शेवटी दोन्ही बाजूंनी तडजोड केली. सिनेमा २३ मेला थिएटरांत लागला आणि दोन आठवड्यांनी, ६ जूनला, ओटीटीवर गेला. म्हणजे आठ आठवड्यांची अट न्यायालयात टिकण्याइतकी पक्की होती, आणि दोघांना पटल्यावर दोन आठवड्यांवर येण्याइतकी लवचीकही.

दक्षिणेत हिशेब वेगळा आहे. तिथे साधारण चार आठवड्यांची रीत आहे, म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये विजयच्या 'लिओ'ची हिंदी आवृत्ती उत्तरेतल्या मोठ्या मल्टिप्लेक्सांनी लावलीच नाही. केरळमध्ये थिएटरमालक ४२ दिवसांवर ठाम आहेत. त्या वर्षी '२०१८' हा तुफान चाललेला मल्याळम सिनेमा मुदतीआधी सोनी लिव्हवर आला, तेव्हा तिथल्या थिएटरांनी जूनमध्ये दोन दिवस खेळ बंद ठेवले.

खुद्द अमेरिकेतही कायदा नाही. युनिव्हर्सलने एप्रिल २०२० मध्ये 'ट्रोल्स वर्ल्ड टूर' २० डॉलर भाड्याने घरी उपलब्ध करून दिला, तेव्हा एएमसी या साखळीने त्यांचे सिनेमे लावणार नाही असं जाहीर केलं. तीन महिन्यांत दोघांनी १७ दिवसांच्या मुदतीवर हात मिळवले. फ्रान्समध्ये मात्र ही मुदत खरोखर नियमात बसवलेली आहे. २०२२ मध्ये ती बरीच कमी केली, तरी नेटफ्लिक्सला थिएटरनंतर १५ महिने थांबणं आलं.

"घरी दिसला की थिएटर रिकामं पडणार"

सरसकट तसं होत नाही. 'फाइव्ह नाइट्स ॲट फ्रेडीज' हा भयपट ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेत थिएटरांत आणि पीकॉक या ओटीटीवर एकाच दिवशी आला. तरी पहिल्या तीन दिवसांत तिथल्या थिएटरांनी ८ कोटी डॉलर कमावले. मूळ व्हिडिओ गेम खेळून मोठी झालेली मुलं मित्रांसोबत किंचाळायला थिएटरात गेली. 'पुष्पा'चं उदाहरण तर आपल्या डोळ्यांसमोरचं. १७ डिसेंबर २०२१ ला लागलेला हा सिनेमा जानेवारीत प्राइमवर आला. हिंदी आवृत्तीही त्याच महिन्यात आली. तरीही उत्तर भारतातल्या थिएटरांत हिंदी 'पुष्पा' चालत राहिला आणि १०० कोटींपलीकडे गेला.

पण मग काहीच फरक पडत नाही, असं म्हणणं तितकंच चूक. २०२१ मध्ये डिस्नेने 'ब्लॅक विडो' थिएटरांत आणि ३० डॉलर जादा घेऊन डिस्ने प्लसवर एकदम आणला. अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत थिएटरांत ८ कोटी डॉलर जमले, पण दुसऱ्या शनिवार-रविवारी गल्ला जवळपास दोन तृतीयांशाने घसरला. दोन महिन्यांनी 'ब्लॅक विडो' बनवणाऱ्या मार्व्हलचाच 'शांग-ची' फक्त थिएटरांत लागला. त्याचा नायक सामान्य प्रेक्षकाला जवळजवळ अनोळखी होता. तरी जगभरच्या कमाईत तो 'ब्लॅक विडो'च्या पुढे गेला. दोन सिनेमे कधीच सारखे नसतात, त्यामुळे याला पुरावा म्हणणार नाही. पण मार एकाच ठिकाणी बसतो असं दिसतं: पहिले तीन दिवस चाहते येतातच, नंतरच्या आठवड्यांतला प्रेक्षक घरी थांबतो.

"ओटीटीवर जितके जास्त लोक बघतील, तितका निर्मात्याला पैसा"

आपल्याकडच्या बहुतेक व्यवहारांत तसं नसतं. ओटीटी कंपनी ठरलेली रक्कम देते आणि ठरावीक काळासाठी हक्क घेते. मग दहा लाखांनी पाहिला काय किंवा दहा कोटींनी, निर्मात्याचा आकडा सहसा तोच राहतो. थिएटरात मात्र प्रत्येक तिकिटाचा वाटा असतो. २००९ मध्ये हिंदी निर्मात्यांनी दोन महिने नवे सिनेमे रोखून धरले, तेव्हा मल्टिप्लेक्सांशी ठरलेलं सूत्र असं: निर्माता-वितरकाला पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३०. थिएटरमालकाचा वाटा दर आठवड्याला वाढतो, म्हणून सिनेमा जितका जास्त दिवस चालेल तितकं त्याचं भलं. खाद्यपदार्थांची विक्री वेगळीच. पहिल्याच दिवशी ओटीटीवर येणारा सिनेमा त्याला नकोसा का वाटतो, हे या चार आकड्यांत कळतं.

कलाकारही यात सापडतात. 'ब्लॅक विडो'ची नायिका स्कार्लेट जोहान्सनने त्या सिनेमावरून डिस्नेवर दावा लावला, कारण तिच्या मानधनाचा मोठा भाग थिएटरच्या कमाईशी बांधलेला होता. दोन महिन्यांत प्रकरण मिटवलं गेलं.

आमिर खानने 'सितारे जमीन पर'साठी तिसरी वाट निवडली. २० जून २०२५ ला थिएटरांत आणि १ ऑगस्टपासून यूट्यूबवर १०० रुपयांत. वर्गणीवाल्या ओटीटीला तेव्हा विकला नाही. बघणाऱ्याने दरवेळी पैसे मोजायचे, ही पद्धत इथे रुजली तर वरचं गणित बदलू शकेल.

"एकदम आणलं की पायरसी थांबेल"

नेमकं उलटं होण्याचा धोका आहे. थिएटरात मोबाइलने चोरून केलेलं चित्रीकरण हलतं, अंधूक असतं, त्यात लोकांचं खोकणंही ऐकू येतं. ओटीटीवर आल्याबरोबर मात्र चोराच्या हाती स्वच्छ डिजिटल प्रत पडते. 'राधे' २४९ रुपयांत सगळ्यांना उपलब्ध होता, तरी त्याच्या प्रती व्हॉट्सॲपवरून फिरल्या आणि झी कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं. सिनेमाच्या कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर चोरून चित्रीकरण करणाऱ्याला तीन महिने ते तीन वर्षं कैद होऊ शकते. शिक्षा कडक झाली, चोरीच्या प्रतींची चटक गेलेली नाही.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात. थिएटरात दाखवायला सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं, १९५२ च्या कायद्याने. ओटीटीला ते बंधन नाही. तिथे २०२१ च्या नियमांनुसार कंपनी स्वतःच वयोगट ठरवते. आणि घरी दाखवलेल्या सिनेमाला ऑस्कर मिळत नाही हेही खरं नाही. 'कोडा' ऑगस्ट २०२१ मध्ये थिएटरांत आणि ॲपलवर एकाच दिवशी आला आणि पुढच्या वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला.

"छोट्या सिनेमांचं, विशेषतः मराठीचं, यात भलं आहे"

ही समजूत सर्वांत सद्भावनेतून आलेली, म्हणून तिच्याबद्दल सर्वांत जास्त बोलायला हवं. युक्तिवाद असा: मराठी सिनेमाला पडदे मिळत नाहीत, मिळाले तर सकाळी साडेनऊचा खेळ मिळतो, मग पहिल्याच दिवशी घरोघरी का पोचू नये? यातली अडचण खरी आहे. २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सांना मराठी सिनेमा प्राइम टाइममध्ये लावायला सांगितलं. वाटाघाटीनंतर दुपारी १२ ते रात्री ९ असा वेळ ठरला. दुपारी बाराला नोकरदार माणूस थिएटरात जाऊ शकत नाही, हे सांगायला तज्ज्ञ नको.

पण मराठी सिनेमा कसा चालतो ते पाहा. केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' ३० जून २०२३ ला लागला. पहिल्या शुक्रवारी कुणी कल्पना केली नव्हती असं पुढे घडलं. दुसऱ्या आठवड्याचा गल्ला पहिल्यापेक्षा मोठा ठरला. सोसायट्यांच्या, भिशीच्या, महिला मंडळांच्या बायका एकमेकींना सांगून गट करून गेल्या, काही जणी पुन्हा गेल्या. सिनेमा ७० कोटींच्या वर गेला आणि ऑगस्टअखेर ओटीटीवर आला. तो पहिल्याच दिवशी टीव्हीवर आला असता तर प्रत्येकीने आपापल्या घरी, आपापल्या वेळी बघितला असता, आणि "चला, सगळ्या मिळून जाऊ" हे निमंत्रण निघालंच नसतं. हिंदीतला मोठा तारा पहिल्या तीन दिवसांत पैसा खेचतो. मराठी सिनेमाची जाहिरात बघून आलेला प्रेक्षकच करतो, आणि त्याला बोलायला आठवडे लागतात. 'ब्लॅक विडो'चा गल्ला जिथे घसरला, नेमक्या त्याच दिवसांत मराठी सिनेमा वर चढतो.

शिवाय ओटीटी कंपन्या आता थिएटरातली कमाई बघून हक्कांची किंमत लावू लागल्या आहेत. थिएटरात नाव न झालेल्या मराठी सिनेमाला तिथेही चांगला भाव मिळत नाही. काही सिनेमांसाठी थेट ओटीटी हीच योग्य जागा असते, 'द डिसायपल' तसा होता. तो निर्णय निर्मात्याचा. थिएटरसाठी बनलेल्या मराठी सिनेमाला मात्र दोन्हीकडे एकदम येण्याची नव्हे, तर तिसऱ्या आठवड्यातल्या संध्याकाळच्या खेळांची गरज आहे. सध्या तिसरा शुक्रवार येईपर्यंत नव्या हिंदी सिनेमासाठी ते खेळ काढून घेतलेले असतात. सरकारने आणि मल्टिप्लेक्सांनी पुढच्या वाटाघाटीला बसताना दुपारच्या बाराऐवजी संध्याकाळचे सहा ते नऊ आणि पहिल्या आठवड्याऐवजी तिसरा आठवडा यांवर बोलावं.