हसण्याचं इंग्रजी: वऱ्हाडासोबत लंडनला!

माहीत आहे का? एकट्याने 52 पात्रं, तीन तास, आणि थेट गिनेस बुकात एंट्री! हा पराक्रम आपल्या संभाजीनगरचा. प्रा. लक्ष्मण देशपांडे: विद्यापीठात नाट्यशास्त्र विभागाचे प्रमुख होते, आणि स्टेजवर आले की एकटेच अख्खं वऱ्हाड! म्हातारे, पोरंटोरं, बायाबापड्या, सगळं खातं एकाच माणसाकडे. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या त्यांच्या एकपात्री प्रयोगाचं नाव कुणाला सांगायला नको. आज तेच वऱ्हाड माजलगावचा अभिनेता संदीप पाठक घेऊन फिरतो.

पण वऱ्हाड लंडनला पोचल्यावर जे हसू फुटेल, त्याला तिथले लोक म्हणणार काय? नुसतं ‘लाफ’? छे! त्यांच्याकडे प्रत्येक हसण्याचं वेगळं खातं आहे. चला, बॅग भरू या.

समजा, संभाजीनगरचं संत एकनाथ रंगमंदिर हाऊसफुल्ल आहे. पहिल्या रांगेतले प्रमुख पाहुणे मिशीतल्या मिशीत हसले, तर ते ‘चकल’. बाल्कनीतल्या कॉलेजच्या पोरींचं दाबूनही न दबणारं खुसखुसणं म्हणजे ‘गिगल’. आणि मधल्या रांगेतून एका काकांचा असा सातमजली बार उडाला की स्टेजवरचा नटही दचकला? तो ‘गफॉ’! माल अस्सल स्कॉटिश.

मागच्या रांगेत दोघं दुसऱ्याच्या टकलाकडे बघून तोंड लपवून फिदीफिदी करताहेत? त्याला ब्रिटिश ‘स्निगर’ म्हणतात, अमेरिकन ‘स्निकर’. हो, चॉकलेटवालंच स्पेलिंग! पण 1930 मध्ये आलेल्या त्या चॉकलेटला नाव मिळालं ते मार्स कुटुंबाच्या लाडक्या घोड्यावरून. हसू नका, खिंकाळा!

कोंबडी अंडं घातल्यावर गल्लीभर जाहिरात करते ना? तो आवाज ‘कॅकल’. माणसाच्या तसल्याच कर्कश हसण्यालाही हाच शब्द. लग्नघरात एखादी मावशी असतेच तशी. नाव घेत नाही, जेवायचं आहे अजून.

माहीत आहे का? ‘चॉर्टल’ हा शब्द चक्क एका लेखकाने मिक्सरमधून काढलाय! ‘ॲलिस’वाल्या लुईस कॅरोलने 1871 मध्ये ‘चकल’ आणि ‘स्नॉर्ट’ एकत्र फिरवले. आधी कुणी म्हणत नव्हतं, आता डिक्शनरीत ऐटीत बसलाय. सगळ्यांत गोड हसणं हेच, असं माझं मत: खुशीत येऊन नाकातून सुटणारं.

वऱ्हाड्यांनो, एक सूचना. ‘लाफ विथ’ म्हणजे सोबत हसणं, ‘लाफ ॲट’ म्हणजे खिल्ली उडवणं. शब्दयोगी अव्यय चुकलं की “काय हासायलास बे?” असा आवाज येतो आणि मग पुढचं इंग्रजी हातांनी बोललं जातं.

बरं, ‘एलओएल’ तरी सोपं ना? तेही नाही! ब्रिटनचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन मेसेजच्या शेवटी कधीकधी एलओएल लिहायचे, ‘लॉट्स ऑफ लव्ह’ समजून! संपादक रिबेका ब्रुक्स यांनी खरा अर्थ सांगितल्यावर बंद झालं. ही गंमत 2012 मध्ये एका चौकशी समितीसमोर ब्रुक्स यांच्या साक्षीत बाहेर आली. त्याच्या वर्षभर आधी, मार्च 2011 मध्ये, ऑक्सफर्डच्या डिक्शनरीने एलओएलला घरात घेतलं होतं. आणि 2015 मध्ये ऑक्सफर्डचा वर्षाचा शब्द ठरला तो शब्दच नव्हता! हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला इमोजी.

आपणही मागे नाही. नेटवरच्या मराठी मंडळींनी ‘हहपुवा’ कधीच काढलंय: हसून हसून पुरेवाट! थायलंडवाले तर नुसतं 555 लिहितात, कारण त्यांच्याकडे पाचाला म्हणतात ‘हा’. परीक्षेचा निकाल तिथून मागवू नका.

‘हायनासारखा हसतो’ हे इंग्रजीत फेमस. पण तो हसरा तरस आफ्रिकेतला, ठिपक्यांचा. आपला पट्टेवाला बहुतेक वेळ गप्पच. आपल्याकडे ती ड्यूटी होला करतो. विजेच्या तारेवर बसून घुमणाऱ्या या साध्यासुध्या पाखराचं इंग्रजी नाव ‘लाफिंग डव’!

आणि पहाटे बागेत हात वर करून ‘हो हो, हा हा हा’ करणारी मंडळी? ते फॅड परदेशी वाटलं ना? मेड इन मुंबई! डॉ. मदन कटारिया यांनी 13 मार्च 1995 ला फक्त पाच जणांना घेऊन पहिला हास्यक्लब सुरू केला. आता लंडनवालेही तसेच हात वर करतात.

पण साहेबांच्या किती तरी आधी भरतमुनींनी नाट्यशास्त्रात हसण्याच्या सहा ग्रेड पाडल्या: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. पहिल्या दोन उत्तम लोकांच्या, मधल्या दोन मध्यम, शेवटच्या दोन अधम! डोळ्यांत पाणी आणून, कुशी धरून हसणारे थेट अधमांत. म्हणजे एकनाथ रंगमंदिरातलं निम्मं थिएटर नापास.

याच ग्रंथात हास्यरसाचा देव सांगितलाय प्रमथ, म्हणजे शंकराचे गण. त्यांचा कारभार बघायचा असेल तर वेरूळला 29 नंबरच्या लेण्यात जा. दहा तोंडांचा रावण कैलास हलवायला बसलाय, आणि एक बुटका गण त्याला चक्क पार्श्वभाग दाखवून चिडवतोय!